कुणाची माती किती पाण्यात

गहिनीनाथला बसायला खुर्ची मिळाली आणि आश्रुबाला सतरंजी, इथून सगळा घोटाळा सुरू झाला.

खरं तर सावरढवच्या पाणी वाटप सोसायटीच्या हापिसात खुर्च्याच तीन. एकीवर चेअरमन नागप्पा, दुसरीवर कृषी महाविद्यालयातून आलेल्या गंगासागर मॅडम, आणि तिसरीवर जो आधी येईल तो. गहिनीनाथ आधी आला होता, एवढंच. पण इतकी सरळ गोष्ट आश्रुबाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. गहिनीनाथ त्याचा चुलतभाऊ. दोघं एकाच महिन्यात जन्मले, पण गहिनीनाथनं पंधरवड्याची घाई केली आणि त्या पंधरवड्यापायी आश्रुबाला जन्मभर त्याला ‘दादा’ म्हणावं लागलं. वाटणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या, तर ओढ्याकाठची काळी जमीन दादाला गेली आणि बांधाच्या अलीकडचा मुरमाड तुकडा याच्या वाट्याला आला. दादाच्या रानात पाय रुततो आणि आपल्या रानात पाय वाजतो, हे दुःख घेऊन तो वीस वर्षं हिंडत होता. दादानं मोसंबी लावली म्हणून यानंही लावली. दादानं मिशा राखल्या म्हणून यानंही राखल्या. मिशा तेवढ्या दादापेक्षा बऱ्या आल्या होत्या.

त्या वर्षी पावसानं नुसतं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. दिवाळीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले. गावच्या तलावात शिल्लक होतं तेवढं पाणी मोटारीनं उचलून सभासदांच्या बागा उन्हाळाभर जगवायच्या, असं सोसायटीनं ठरवलं. पण कुणाची पाळी किती दिवसांनी, यावरून बैठकीत चपला हातात यायची वेळ आली. नागप्पाचं किराणा दुकान होतं. भांडण मिटवायचं तर काहीतरी तोलून दाखवलं पाहिजे, एवढं त्याला धंद्यानं शिकवलेलं. म्हणून त्यानं मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडम समजावून सांगत होत्या. ज्याची माती पाणी जास्त धरून ठेवते, त्याला उशिरा पाणी दिलं तरी झाड तग धरतं. ज्याच्या मातीतून पाणी लगेच निसटतं, त्याची पाळी लवकर लवकर आली पाहिजे. हे त्यांनी सोप्या शब्दांत दोनदा सांगितलं. सगळ्या गावाला कळलं. आश्रुबाला कळलं नाही, कारण नेमका तेव्हाच चहा आला आणि गहिनीनाथला कपबशी मिळाली, त्याला नुसता कप. तो दादाच्या बशीकडे बघत बसला. भानावर आला तेव्हा मॅडमचं शेवटचं वाक्य चाललं होतं, “तर प्रत्येकानं आपापल्या रानात चार ठिकाणी वीतभर खणून ती माती पिशवीत भरून आणा. कुणाची माती किती पाणी धरते, ते इथंच सगळ्यांसमोर तपासू.”

आश्रुबा अर्धा कप चहा तसाच ठेवून उठला.

घरी आल्या आल्या तो बायकोला म्हणाला, “आगं, समद्यांसमोर माती तपासणार हायेत.”

“तपासू द्या की,” बायनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “आपली माती काय पळून जायलीय का?”

“तुला कळंना. दादाची माती पाणी धरंल अन् आपली गळंल. अख्ख्या गावासमोर गळंल. इज्जत काय ऱ्हायली मंग?”

“माती गळंल. तुमी कावून गळायलाव?”

“वीस वर्षं झाली, काळी काळी म्हून मिरवायलाय त्यो.”

“त्यांनी कदी मिरवलं? त्यांच्या रानाचं नाव रोज तुमच्याच तोंडात ऱ्हातंय.”

बायकोशी बोलण्यात अर्थ नाही, हे आश्रुबाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ नेकनूरला गेला असं बघून भर दुपारी तो बांध ओलांडून गेला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चार ठिकाणी वीतभर खोल खणलं आणि दादाची काळीभोर माती पिशवीत भरली. ती हातात घेऊन त्यानं मूठ दाबली तर मातीचा लाडू झाला. आपल्या रानातल्या मातीचा जन्मात लाडू झाला नव्हता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

पिशवी घेऊन येताना मात्र निराळाच विचार डोक्यात आला. माती दादाची, म्हणजे निकाल दादाइतकाच. नुसती बरोबरी करायला एवढी चोरी केली का? वरचढ पाहिजे! तो तसाच रामहरी कुंभाराकडे गेला आणि पोळ्याच्या बैलांसाठी राखलेली चिकणमाती मागून आणली. त्यात उकिरड्याच्या तळचं जुनं, मुरलेलं खत घातलं आणि सगळं मिश्रण बायनाबाईच्या पिठाच्या चाळणीनं चाळलं.

बायनाबाई पाण्याहून आली ती चाळणी बघून किंचाळलीच. “भाकरीच्या पिठाची चाळणी! आवं, येड लागलं का तुमाला?”

“धुऊन ठिवतो. वरडू नकू.”

“अन् आपल्या बांधाजवळ कुणी उकरून ठिवलंय? ह्यो एवढा खड्डा हाय.”

“कुत्र्यानं उकरलं असंल.”

“कुत्रं असं चौकोनी उकरतंय व्हय?”

आश्रुबाला खड्ड्याची चौकशी करायला वेळ नव्हता. तो चाळणी धुण्यात गुंतला होता.

तपासणीच्या दिवशी सोसायटीच्या गोदामात लग्नघरासारखी गर्दी झाली. मॅडमनी बुडाला भोकं पाडलेल्या डब्यांत प्रत्येकाची कोरडी माती तोलून भरली होती आणि डबे आदल्या दिवसापासून पाण्याच्या परातींत ठेवले होते. आता एकेक डबा उचलून आडव्या बांबूला टांगायचा, ठिबकायचा तेवढा ठिबकू द्यायचा आणि मग तोलायचा. जेवढं वजन वाढलं, तेवढं पाणी त्या मातीनं धरलं.

पहिला डबा मुंजाजीचा. मुंजाजी हा सोसायटीचा पाटकरी, म्हणजे पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या रानात पाणी सोडणारा. त्याची स्वतःची जमीन टेकडीच्या उतारावर, दगडगोट्यांची. डबा वर उचलला तोच अर्धंअधिक पाणी धारेनं खाली आलं आणि गोदाम हसायला लागलं.

“आपल्या रानात पाणी मुक्कामाला ऱ्हात न्हाई, मॅडम,” मुंजाजी स्वतःच हसत म्हणाला. “उभ्या उभ्या च्या पिऊन जातंय.”

मग गहिनीनाथचा डबा आला, आणि नवल झालं. तोही चांगला गळला. मुंजाजीइतका नव्हे, पण भुईवर थारोळं होण्याइतका गळला. आश्रुबाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ज्या मातीसाठी आपण वीस वर्षं जळलो ती ही? तेवढ्यात त्याचा डबा बांबूला लागला. लोक माना वर करून बघत राहिले. एक थेंब पडला. बऱ्याच वेळानं दुसरा पडला. मग काहीच नाही. मॅडमनी डबा तोलला, काट्याकडे बघितलं, डबा उतरवला आणि परत तोलला.

“अशी माती मी या तालुक्यात पाहिलेली नाही,” त्या म्हणाल्या.

ते शंभर टक्के खरं होतं, कारण तशी माती या तालुक्यात नव्हतीच. पण आश्रुबाची छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली. त्यानं समोरच्या हाटेलातून गावाला भजी मागवली. मग तो ऐटीत गहिनीनाथकडे वळला. इतक्या वर्षांचं उट्टं आज निघणार होतं. दादाचं तोंड काळं ठिक्कर पडलेलं बघायचं होतं. पण दादा शांतपणे मिरचीबरोबर भजं खात होता.

“मनाला लागलं का, दादा?”

“कावून लागंल? ज्याची त्याची माती.”

आश्रुबाची निम्मी मजा तिथंच गेली. समोरचा जळत नसेल तर जिंकून उपयोग काय?

उरलेली निम्मी नागप्पानं घालवली. तो उभा राहून पाळ्या वाचायला लागला, “मुंजाजी, सहा दिवसांनी. गहिनीनाथ, आठ दिवसांनी...” अशी सगळी नावं झाली आणि शेवटी त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, “आश्रुबा, बावीस दिवसांनी.”

भजं आश्रुबाच्या घशात अडकलं. “बावीस? चेरमन, आवं माझा तर पयला नंबर आलाय!”

“पयला आलाव म्हून तर! तुमच्या मातीला काय घाई हाय? धरून बसंल निवांत.”

दादाची काळी माती गळली कशी, ते बघायला आश्रुबा धडपडत गहिनीनाथच्या डब्यापाशी गेला आणि आत डोकावला. तांबूस माती आणि तीत चुनखडीचे पांढरे खडे. हे खडे त्यानं वीस वर्षं वाकून वाकून वेचले होते. स्वतःच्या पोरांना ओळखायला एक वेळ तो चुकला असता, या खड्यांना चुकणं शक्य नव्हतं. चौकोनी उकरणारं कुत्रं कोण, तेही आता कळलं. “ही तर माझी—” असं ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही माझी, तर मग त्या डब्यातली कुणाची?

शेजारी गहिनीनाथ उभा होता. तो आश्रुबाच्या डब्यात बघत होता.

“आश्रू, तुझ्या रानात बाभळ न्हाई,” तो हळूच म्हणाला. “डब्यात तर बाभळीची मुळी दिसायलीय.”

“तुमच्या रानात चुनखडी कवापून निघाली, दादा?”

बोलायची दोघांचीही सोय नव्हती. शेवटी दोघांनी एकेक भजं उचललं आणि आपापल्या वाटेनं घरी गेले.

उन्हानं भजी पचू दिली नाहीत. मुरमाच्या रानातली मोसंबी पहिल्या पाळीचं पाणी गटागटा प्याली आणि आठवड्याच्या आत परत माना टाकायला लागली. पानं आत वळली, खालची फळं हरभऱ्याएवढी असतानाच गळाली. बायनाबाई डोक्यावर हंडा घेऊन झाडाझाडाला तांब्या तांब्या पाणी घालायला लागली. धुण्याचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं रानात जायचं.

एक दिवस तिनं हंडा दाणकन खाली ठेवला. “जाऊन खरं काय ते सांगा.”

“काय सांगू? माझी माती भिकार हाय म्हून सांगू? गावाला भजी चारलीत म्या.”

“बारा वर्षं लेकरावानी वाढवलीत ही झाडं. जळाली तर पुन्हा बारा वर्षं आणायची कुठून? भजी द्यायचीत का खोडाला?”

त्यात शेजारच्या गावचे दोघंजण त्याची नावाजलेली माती बघायला आले. आता आली का पंचाईत! आपलं रान दाखवावं तर अब्रू जाते. गहिनीनाथ दिसत नाहीसं बघून तो त्यांना बिनदिक्कत बांधापलीकडे घेऊन गेला. पाहुण्यांनी कौतुकानं चार पावलं टाकली आणि दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. त्यांना ओढून काढता काढता आश्रुबाचं लक्ष दादाच्या झाडांकडे गेलं. पानं पिवळी पडली होती आणि खोडांतून डिंक पाझरत होता. काळ्या जमिनीला दर आठ दिवसांनी पाणी पाजल्यावर दुसरं काय होणार? मुळं कुजायला लागली होती. आणि पाणी नको म्हणायची गहिनीनाथला सोय नव्हती. म्हटलं असतं तर मुंजाजीनंच विचारलं असतं, पाणी न धरणाऱ्या मातीला पाणी नको कसं?

दादाची बाग सडताना बघून आश्रुबाला एक क्षण फार बरं वाटलं. मग त्यानं मागं वळून आपल्या बागेकडे बघितलं.

दादाच्या पुढच्या पाळीला भर दुपारी तो खोरं घेऊन बांधावर गेला. बांधाला हातभर खांड पाडायची, दादाचं थोडं पाणी आपल्याकडे घ्यायचं आणि खांड परत बुजवायची, असा त्याचा बेत होता. सोसायटीचा नियम कडक होता. पाणी चोरताना सापडला तर उन्हाळाभर पाळी बंद. पण झाडं तशीही चाललीच होती. तो बांधापाशी पोचला तर पलीकडून कुणीतरी अगोदरच खोदत होतं.

“काय करायलाव, दादा?”

गहिनीनाथ दचकला. “तू काय करायलास बे?”

“मी बांध बघाया आलतो.”

“खोरं घिऊन?”

शेवटी गहिनीनाथनं कपाळाचा घाम पुसला. “तुझ्या रानात पाणी सोडायलोय. लई झालं. झाडं कुजायलीत माझी.”

“मी तेच चोराया आलतो.”

“मंग उभा काय ऱ्हायलास? खोद की!”

दोन्ही बाजूंनी खोरी चालली आणि खांड पडली. पाणी वळसा घालून आश्रुबाच्या रानात शिरलं आणि मुरमात दिसेनासं होत होत पहिल्या झाडाच्या आळ्यात पोचलं. दोघं बांधावर टेकले.

“माझ्या मातीत काय घातलतंस बे?” गहिनीनाथनं विचारलं. “माझी माती येवढं पाणी धरीत न्हाई.”

“कुंभाराची चिकणमाती. तुमच्या म्होरं जायचं होतं.” आश्रुबानं मान खाली घातली. “पर तुमी माझी माती कावून नेली? तुमची चांगली हाय की.”

“मॅडम बोलत होत्या तवा मी ऐकत होतो. म्हणलं, बघ आश्रूचं नशीब! मुरमाड म्हून आता ह्याला घडीघडी पाणी. पयलंच ह्याची मोसंबी गोड. माझी काळ्या रानातली पाणचट. परळीचा व्यापारी दोन्ही चाखतो अन् तुझीच तारीफ करतो. जळालो बे मी.”

आश्रुबानं एकदम मान वर केली. “दादा, तुमी माझ्यावर जळताव?”

“जळतो म्हणलं की.”

“कवापून?”

“झालीत पाच-सा वर्षं.”

“खरंच? पुन्यांदा सांगा बरं.”

गहिनीनाथनं पुन्हा सांगितलं. आश्रुबाच्या चेहऱ्यावर असं हसू त्याच्या लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा सांगा म्हणण्याच्या नादात पाणी, खांड, नियम सगळं तो विसरला. खांड बुजवायची राहून गेली आणि कमी झालेल्या पाण्याचा माग काढत मुंजाजी तिथं येऊन उभा राहिला.

“चोरी! पाण्याची चोरी!” तो असा ओरडला की तळ्याच्या भिंतीवरचे बगळे उडाले. नेमके त्याच दिवशी मॅडम बागा बघायला आल्या होत्या. त्यांना घेऊन नागप्पा धावत आला, मागोमाग निम्मं गाव आलं.

“बांध कुणी फोडला?” नागप्पानं धापा टाकत विचारलं. “नियम ठाऊक हाय ना? पाळी बंद!”

दादा आपलं नाव घेणार, याची आश्रुबाला खात्रीच होती. तो स्वतः असता तर त्यानं दादाचंच नाव घेतलं असतं.

“म्या सोडलंय पाणी,” गहिनीनाथ म्हणाला. “त्यानं चोरलं न्हाई.”

नागप्पा चक्रावला. “तुमी? तुमची माती पाणी धरीत न्हाई, आठ दिवसांला पाणी घेताव, अन् वर वाटत सुटलाव? ते बी कुणाला, तर आश्रुबाला? ज्याची माती तालुक्यात भारी, त्याला? हे गणित मला उमगंना. खरं सांगा, न्हाईतर दोघांचीबी पाळी बंद.”

आश्रुबानं समोर बघितलं. बायनाबाई डोक्यावर हंडा घेऊन रानात आली होती आणि पाण्यानं भरलेलं पहिलं आळं बघून तिथंच उभी राहिली होती. हंडा उतरवायचंही तिला सुचत नव्हतं.

“चेरमन,” आश्रुबा म्हणाला, “माझी माती भिकार हाय.”

“आँ?”

“भिकार हाय! थेंबभर पाणी धरीत न्हाई. डब्यात होती ती दादाची अन् कुंभाराची. दादाच्या डब्यात होती ती माझी. माझी पाळी बंद करा, पर झाडं जगवा.”

बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. वीस वर्षं जे कुणाला कळू नये म्हणून धडपडला, ते गावाला केव्हाचंच माहीत होतं, फक्त मॅडमच्या काट्यापुढे कुणी बोललं नव्हतं, हे सगळ्यांचे चेहरे बघून त्याला कळलं. मॅडम तेवढ्या थक्क झाल्या होत्या. “तरीच!” त्या म्हणाल्या. “त्या मातीनं माझी झोप उडवली होती.”

पाळी बंद झाली नाही. त्याऐवजी गावातल्या प्रत्येक रानात मॅडमनी स्वतः खड्डे घेऊन नवी माती भरली, आणि ती पोती दोघा भावांनी खांद्यावरून वाहिली. मातीवर एवढं प्रेम आहे तर वाहा म्हणावं, असा नागप्पाचा निवाडा होता.

पुन्हा गोदाम भरलं, पुन्हा डबे टांगले. गहिनीनाथचा डबा थोडाच ठिबकला. त्याला वीस दिवसांनी पाळी मिळाली आणि त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. आश्रुबाचा डबा धो धो गळला. या वेळी कुणी हसलं नाही.

“आश्रुबा, आठ दिवसांनी,” नागप्पानं वाचलं. दारात उभ्या असलेल्या बायनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. झाडं वाचली होती. आश्रुबानंही कृतार्थपणे हात जोडले.

“अन् मुंजाजी, पयल्यासारखंच. सहा दिवसांनी.”

आश्रुबाचे जोडलेले हात सुटले. तो सावकाश सतरंजीवरून उठला.

“सहा? अन् मला आठ?”

“त्यांची माती तुमच्याहून हलकी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“माझ्याहून? आवं मॅडम, माझ्या रानात पाय वाजतो! त्याच्या रानात गवत तरी उगवतंय. त्याची माती माझ्यापरीस भिकार कशी असंल?”

“देवाची किरपा हाय, आश्रुबा,” मुंजाजी नम्रपणे म्हणाला.

आश्रुबा खाली बसला, पण त्याची नजर मुंजाजीच्या डब्यावरून हलेना. तीच नजर घेऊन तो घरी निघाला आणि वाटेत त्यानं दोनदा थांबून टेकडीकडे बघितलं. बायनाबाई बारा वर्षं झाडांबरोबर या माणसालाही ओळखून होती. ती झपाझप पावलं टाकत त्याच्या आधी घरी पोचली, पिठाची चाळणी आणि माती आणायची पिशवी पेटीत घातली, आणि पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.